दुसरा हत्ती

जुनी तसबीर उघडायची तर पहिलं काम पाठच्या चुका काढण्याचं. इतक्या वर्षांत त्या गंजून लाकडात मुरलेल्या असतात. पकडीनं ओढल्या की डोकं हातात येतं आणि खिळा आतच राहतो. म्हणून प्रत्येक चुकेवर तेलाचा थेंब सोडायचा आणि थांबायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, आधी चहा प्यावा, मग पकड उचलावी. बुधवार पेठेतल्या एका बोळात आमचं फ्रेमचं दुकान आहे. अण्णांनी ते १९५६ साली थाटलं, मी १९७९ पासून तिथे बसते. इतक्या वर्षांत हजारो तसबिरी उघडल्या असतील. पण वाईच्या एका आजींनी सोलापुरी चादरीत गुंडाळून आणलेल्या लक्ष्मीनं मला माझ्याच धंद्याचा इतिहास शोधायला लावला.

काचेला आतून बुरशी धरली होती, म्हणून आजी आल्या होत्या. दुकानात बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "उघड, पुस, काच बदल. पण देवीच्या अंगावरचं काही काढू नकोस गं बाई."

चुका निघाल्यावर पाठीच्या फळ्या सुटल्या. पूर्वी रॉकेलचे डबे ज्या लाकडी खोक्यांतून यायचे, त्या खोक्यांच्या या पातळ फळ्या. एका फळीवर काळ्या शाईचं अर्धं इंग्रजी अक्षरही शिल्लक होतं. फळ्यांखाली 'केसरी'चा एक ताव, खळीनं चिकटवलेला. कोपरा कसरीनं खाल्ला होता. दिवस आणि महिना गेला होता, १९१४ हे साल तेवढं राहिलं होतं. आणि तावाच्या खाली चित्राची पाठ. मी तिथेच थांबले. कागदाच्या पाठीवर टाके होते. पोलक्याचं अस्तर उलटं केलं की दिसतात तसे, बारीक, जवळजवळ, शेवटी दुहेरी गाठ मारलेले. छापील कागदाला कुणीतरी सुईनं शिवलं होतं.

चित्र सरळ केलं. रविवर्मा प्रेसची लक्ष्मी, घरोघरी असायची तीच. तळ्यातलं कमळ, त्यावर उभी असलेली चतुर्भुज देवी, वरच्या दोन हातांत कमळं, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. छापील लक्ष्मीचं लुगडं लाल असतं. या लक्ष्मीला खऱ्या रेशमाचं जांभळं लुगडं नेसवलं होतं. आत कापसाचा पातळ थर देऊन ते थोडं उचललेलं, म्हणजे गुडघ्याचा बाक बोटाला लागावा. निऱ्या सात. प्रत्येक निरी धाग्यानं धरलेली. काठाला खऱ्या जरीची बोटाच्या अर्ध्या पेराएवढी पट्टी, जर काळवंडलेली. पोलकं खणाचं. गळ्यात काळी पोत, नाकात चार मोत्यांची नथ. चेहरा, हात आणि पावलं मात्र कागदाचीच ठेवली होती. तिथे कात्री इतकी जपून फिरली होती की अंगठ्याच्या नखाचीही कड शाबूत होती.

आणि हत्ती दोन होते.

रविवर्म्यानं या चित्रात हत्ती एकच काढला आहे. पण गजलक्ष्मी म्हटली की आपल्या मनात दोन हत्ती असतात, दोन्हीकडून पाणी घालणारे. देवळाच्या दाराच्या पट्टीवर पाहा, जुन्या वाड्याच्या चौकटीवर पाहा. ज्या बाईनं ही लक्ष्मी सजवली, तिला एक हत्ती अपुरा वाटला. तिनं दुसरा शोधला. त्याच चित्राची दुसरी प्रत कापली असती तरी काम होणार नव्हतं, कारण तो हत्तीही त्याच दिशेला तोंड करून असता आणि छापील कागद उलटा करता येत नाही, पाठ कोरी असते. म्हणून तिनं वेगळ्याच कागदावरचा, उलट्या दिशेनं पाहणारा हत्ती आणला. तो आकारानं लहान होता, पाठीवर झूल होती, रंग जास्त भडक होता. भिंग लावून पाहिलं तर त्याच्या पायाशी सोनेरी रेघ आणि तिच्याखाली कापली गेलेली इंग्रजी अक्षरं. ते कापडाच्या ताग्यावरचं टिकीट होतं.

त्या काळी विलायती कापडाच्या ताग्याच्या दर्शनी घडीवर रंगीत छापील कागद चिकटवून यायचा. मँचेस्टरचे व्यापारी हिंदुस्थानात पाठवायच्या मालासाठी मुद्दाम अशी टिकिटं छापून घेत. त्यांवर राम, कृष्ण, लक्ष्मी, वाघ, हत्ती, मोर, राणी, आगगाडी असं काय वाटेल ते असे. मजकूर न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकानं चित्रावरून माल ओळखावा, 'मोराचं कापड द्या' म्हणावं, यासाठी हा खटाटोप होता. छपाई उत्तम, सोनेरी शाईची, कधी उठावाची. तागा संपला की दुकानदार टिकीट फेकून देई किंवा ओळखीच्या बाईला देई. बायका ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवत. माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत असे दोन कागद होते. लहानपणी ट्रंक उघडली की मी आधी ते बघायची, मग कपडे. मँचेस्टरला कुणा व्यापाऱ्यासाठी छापलेला हत्ती असा वाईच्या घरात येऊन लक्ष्मीच्या सेवेला उभा राहिला.

हे सगळं शक्य झालं ते छापील चित्रं स्वस्त झाल्यामुळे. आमच्या पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८ साली चित्रशाळा सुरू झाली आणि रामपंचायतनापासून नाना फडणवीसांपर्यंतची रंगीत शिळाछापाची चित्रं मराठी घरांच्या भिंतींवर आली. त्यानंतर रविवर्म्यांचा छापखाना. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांत दिवाणगिरी केलेल्या टी. माधवरावांनी त्यांना सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना मागणी एवढी आहे की एका हातानं ती पुरी होणार नाही, ती छापून घ्या. १८९४ साली मुंबईत गिरगावात प्रेस निघाला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. पुढे १८९९ च्या सुमारास तो कार्ल्याच्या लेण्यांजवळ मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. रविवर्मा १९०६ साली गेले, प्रेस मात्र चालत राहिला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या धंद्यात होते, तेही लोणावळ्याच्या याच परिसरात. १९७२ साली मळवलीचा छापखाना जळाला.

शिळाछाप म्हणजे खरोखर दगडावरची छपाई. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट शाईनं रेखाटन. दगड ओला केला की पाणी मोकळ्या जागी बसतं आणि छपाईची शाई फक्त तेलकट रेषेला धरते. एकेका रंगाला वेगळा दगड. फिकट गुलाबी, गडद गुलाबी, पिवळा, निळा असं करत तोच कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली जायचा आणि दर वेळी आधीच्या रंगावर नेमका बसावा लागायचा. म्हणजे या चित्रात मुळातच थर होते. वाईच्या बाईनं त्यावर आणखी काही चढवले.

तिचीच ही हौस होती असं मात्र नाही. अशी सजवलेली चित्रं आमच्याकडे पुण्यातून आली, साताऱ्याकडून आली, कोकणातून आली, एक पणजीहून आलं. सरस्वतीच्या पांढऱ्या लुगड्यावर चमकी, विठोबाच्या तुळशीमाळेला खरे मणी, रामाच्या मुकुटाला बेगड. बेगड हा शब्द आता मखराबरोबरच मागे पडला. रंगीत चकाकता पातळ पत्रा, कागदापेक्षा थोडा जाड, कात्रीनं कापला जाणारा. सोनं परवडत नाही तिथे बेगड. जर आणि रेशीम जुन्या कपड्यांतून यायचं. फाटलेला शालू टाकून देत नसत. जरीचा काठ आधी सोडवून घेत, कारण त्यात चांदी असे. उरलेलं कापड गोधडीत किंवा बोहारणीकडे जाई. देवीचं लुगडं हे त्या मधल्या वाटेवरून उचललेलं असे. आजींना मी विचारलं, हे जांभळं रेशीम कुठलं असेल हो? त्या म्हणाल्या, "मोठ्या काकूंच्या लग्नातलं असणार. घरात दुसरं जांभळं नव्हतंच कधी."

मोठ्या काकू म्हणजे आजींच्या सासऱ्यांच्या थोरल्या वहिनी. लवकर वैधव्य आलेल्या, माहेरी न जाता सासरीच राहिलेल्या. लग्नातलं जांभळं लुगडं त्यांना पुन्हा नेसायचं नव्हतं. आजी एवढंच बोलल्या आणि गप्प झाल्या. मीही पुढे विचारलं नाही.

हे काम किती अवघड आहे ते कळावं म्हणून मी एकदा स्वतः करून पाहिलं. वाळवीनं कड खाल्लेली, दुरुस्त न होणारी एक जुनी प्रत माझ्याकडे होती. आधी पातळ कागदावर लुगड्याची बाह्यरेषा छापून घेतली. कापडाला खळ लावून वाळवलं, नाहीतर कापल्यावर दशा सुटतात. खळ मैद्याची, चिमूटभर मोरचूद घातलेली, म्हणजे कसर लागत नाही. रेषेच्या बाहेर बोटभर जास्त ठेवून कापड कापलं, कड आत दुमडली. आत कापूस. मग निऱ्या. इथे सुई घ्यावी लागते आणि इथेच छाती दडपते. कापडातलं भोक टाका उसवला की मिटतं, कागदातलं मिटत नाही. सुई एकदा चुकीच्या जागी गेली की देवीच्या अंगावर कायमचं छिद्र. माझ्या तीन निऱ्या होईपर्यंत चार छिद्रं चुकली. अकरा संध्याकाळी लागल्या आणि शेवटी जे झालं ते मोठ्या काकूंच्या कामाशेजारी ठेवण्यासारखं नव्हतं. त्यांच्या चित्राच्या पाठीवर एकही फुकट गेलेलं छिद्र मला सापडलं नाही. मी भिंग घेऊन शोधलं.

एवढा खटाटोप कशासाठी? चित्रकारानं लुगडं काढलेलंच आहे, मग पुन्हा कापडाचं कशाला? कलेची पुस्तकं वाचणाऱ्याला हा प्रश्न पडतो, पूजा करणाऱ्याला पडत नाही. देवाला वस्त्र वाहायचं असतं. सोळा उपचारांत ते आहेच. आपल्याकडे रोजच्या पूजेत कापसाचं वस्त्र वाहतात, कुंकवाची बोटं लावलेली कापसाची छोटी माळ. कोल्हापूरच्या अंबाबाईला नवरात्रात रोज वेगळ्या रूपात सजवतात, पंढरपूरला विठोबाला पोशाख करतात. मूर्तीला हे करता येतं. पण ज्या घरात देव कागदाचा आला, तिथे बाईनं वस्त्र कुठे वाहायचं? तिनं ते चित्रावरच शिवलं.

याला एक जुना धागाही आहे. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत आपल्या भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या दरबारात बहरलेली चित्रं म्हणजे लाकडी फळीवर ताणलेलं कापड, खडूची भुकटी आणि डिंकाचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. दुसऱ्या सरफोजींच्या काळात, १७९८ ते १८३२, ही कला भरात होती. देवाचं चित्र सपाट राहू नये, दिव्याच्या उजेडात ते चमकावं, ही ओढ तिथे दिसते तीच मला बेगड लावलेल्या कागदी रामात दिसते. एकीतून दुसरी आली असं मी म्हणत नाही. ओढ एक आहे एवढं डोळ्यांना दिसतं.

राजस्थानात नाथद्वाऱ्याला तर हा पूर्ण धंदाच झाला. श्रीनाथजीच्या दर्शनाला येणारा यजमान आपलं चित्र करून घेई. मधे श्रीनाथजी, दोन्ही बाजूंना हात जोडून उभं कुटुंब. फोटो आल्यावर चित्रकारांनी चेहरे फोटोतून कापले आणि रंगवलेल्या अंगावर चिकटवले. पागोटं, अंगरखा, उपरणं कुंचल्याचं, तोंड कॅमेऱ्याचं. याला मनोरथाचं चित्र म्हणतात. त्याच काळात विलायती निसर्गचित्रांचे छापील कागद बाजारात मिळत. आल्प्सचं सरोवर, दगडी पूल, फ्रेंच बाग. चित्रकार आणि हौशी लोक त्यांवर छापील चित्रांतून कापलेले राधाकृष्ण, गायी, मोर चिकटवत. दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियमचे माजी संचालक ज्योतींद्र जैन यांनी अशी चित्रं जमवली, त्यांवर लिहिलं, त्यांचं प्रदर्शन मांडलं. ती पाहताना जाणवतं की कापणाऱ्याच्या मनात परकं आणि आपलं अशी फळी नव्हतीच. सरोवर सुंदर आहे ना, मग कृष्ण तिथे खेळेल.

आमच्याकडेही असे फोटो येत. आजोबा गेले की स्टुडिओवाला त्यांचा बसलेला फोटो कापून विठ्ठलाच्या पायाशी बसवून द्यायचा, मग त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. जोड झाकायला कडेनं ब्रशनं ढग. अण्णांच्या वेळी महिन्याला दोन-तीन तरी अशा फ्रेमा व्हायच्या.

'कोलाज' हा शब्द मला बराच उशिरा कळला. कलामहाविद्यालयातली एक मुलगी आपलं काम फ्रेम करायला घेऊन आली होती. मासिकांतली चित्रं कापून एकावर एक चिकटवलेली. तिनं सांगितलं, फ्रेंच भाषेत चिकटवणं म्हणजे 'कोले', त्यावरून हा शब्द. पिकासोनं १९१२ साली खुर्चीच्या वेताची नक्षी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं, तिथपासून हा प्रकार आधुनिक कलेत आला. मी त्या चित्राचा फोटो शोधून पाहिला. लंबगोल चित्र आहे आणि त्याला चौकट म्हणून दोर गुंडाळलाय. फ्रेमवाली म्हणून तो दोर मला फार आवडला. मग आणखी वाचत गेले. इंग्लंडात मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी १७७२ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, रंगीत कागद कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला सुरुवात केली. नजर साथ देईनाशी होईपर्यंत ९८५ फुलं झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. व्हेनिसकडे अठराव्या शतकात कारागीर छापील चित्रं कापून कपाटांवर, पेट्यांवर चिकटवत आणि वर रोगणाचे थर देत. बासानोच्या रेमोंदिनी छापखान्यातून तर कापण्यासाठीच कागद छापले जात. आणि आपल्याकडे भूपेन खख्खर, मुंबईत जन्मलेले, बडोद्याला गेलेले, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी १९६५च्या मुंबईतल्या पहिल्या प्रदर्शनात बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रं कापून चिकटवलेली कामं मांडली.

पिकासोचं साल १९१२. वाईच्या लक्ष्मीमागचा 'केसरी' १९१४चा, आणि तो ताव फ्रेम करताना लावलेला. लुगडं त्याआधी कधीतरी शिवलेलं. मला कुणाशी शर्यत लावायची नाही. पिकासोनं मेणकापड का चिकटवलं आणि मोठ्या काकूंनी रेशीम का शिवलं, याची कारणं वेगळी आहेत. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. डिलेनीबाईंच्या प्रत्येक फुलामागे नाव आहे, वनस्पतीचं आणि त्यांचंही. आमच्या बायकांनी केलेल्या कामामागे नाव नाही. रद्दीची तारीख आहे, छापखान्याचं नाव आहे, मँचेस्टरचं अक्षर आहे, आणि जिनं हे सगळं एकत्र आणलं ती मात्र 'मोठ्या काकू'. तिचं नाव काय, हे वाईच्या आजींनाही आठवेना.

या रागात माझ्या स्वतःच्या हातून झालेल्या एका गोष्टीचा वाटा आहे, तीही सांगायला हवी. १९८८ साल असेल. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी दुकानात यायचा. त्यानं रविवर्मा प्रेसची एक सरस्वती आणली, तीही अशीच सजवलेली. कापड काढून चित्र 'मूळ' करून द्या म्हणाला. गिऱ्हाईक मुंबईचं आहे, त्याला खऱ्या रविवर्म्याचा छाप हवाय, या चिंध्या नकोत. अण्णा आजारी होते, दुकान माझ्यावर होतं आणि पैसे चांगले होते. मी ते काम घेतलं. ओल्या कापसानं खळ भिजवली, एकेक कड सोडवली, चमकी उपटली. लुगडं निघालं आणि खालचा कागद दिसला. बाकी सगळ्या चित्राचा रंग उन्हानं उतरला होता, लाल तर जवळजवळ गेलाच होता, मोराची निळाई तेवढी राहिली होती. पण कापडाखालचा भाग कालच छापल्यासारखा ताजा. त्या बाईच्या कापडानं सत्तर-ऐंशी वर्षं तो जपला होता. आणि त्या ताज्या भागावर सुईची छिद्रं, शेकडो, चाळणीसारखी. व्यापाऱ्यानं तोंड वाकडं करून ते नेलं. ना ते चित्र राहिलं, ना ते पूजेचं काम. लुगडं आणि चमक्या मी एका डबीत ठेवल्या आहेत. अजून आहेत.

अशी चित्रं पुढे होईनाशी का झाली, त्याचं कारण मला कागदात दिसतं. पन्नास-साठच्या दशकांत रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल यांची चित्रं दिवाळी अंकांतून आणि कॅलेंडरांतून घरोघरी गेली. मुळगावकरांचं मुखपृष्ठ अलगद सोडवून फ्रेमला आणणारे कितीतरी लोक होते. त्या देवांच्या दागिन्यांवर तेजाचे ठिपके चित्रकारानंच इतके दिले होते की चमकी लावायला जागा उरली नव्हती. पुढे गुळगुळीत आर्ट पेपर आला. त्यावर खळ धरत नाही, सुई टोचली की कागद भेगाळतो. कॅलेंडर दर वर्षी नवं येऊ लागलं, मग जुन्या देवाला कोण शिवत बसणार? नंतर लॅमिनेशन आलं आणि कागदाला हात लावायची वाटच बंद झाली. बायकांच्या हातांना दुसरी कामंही मिळाली होती, नोकऱ्या होत्या. ते चांगलंच झालं.

आता उलटा प्रवाह आहे. वाडे पडतात, फ्लॅट होतात, देवघर कपाटाच्या एका कप्प्यात येतं. जुन्या तसबिरी पिंपळाखाली ठेवतात, नदीत सोडतात. महिन्यातून एकदा तरी सकाळी शटर उघडायला जावं तर पायरीशी दोन-चार फ्रेमा टेकवलेल्या असतात. काचेनं हात कापू नये म्हणून कुणी वर्तमानपत्रात नीट बांधून ठेवतं. त्यांतल्या बऱ्याच साध्या असतात. पण मी प्रत्येक उघडते. गेल्या पावसाळ्यात एका विठ्ठलामागे लग्नपत्रिका निघाली, एका दत्तामागे ताग्याचं अख्खं टिकीट, वाघाचं, एक कोपराही न दुमडलेलं.

वाईच्या लक्ष्मीला मी नवी काच घातली. काच चमकीला टेकू नये म्हणून कडेनं पातळ पट्टी दिली. पूर्वी ती नव्हती, म्हणूनच बुरशी धरली होती. रॉकेलच्या फळ्यांनी कागदावर तपकिरी पट्टे पाडले होते, त्या काढून आम्लरहित पुठ्ठा लावला आणि फळ्या वेगळ्या बांधून आजींना दिल्या. 'केसरी'चा ताव सोडवून, साफ करून, पुठ्ठ्यामागे पाकिटात ठेवला. जरीला काही केलं नाही. काळी आहे, काळीच राहू दे. आजी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी वाईला फोन लावला, नणंदेला. नणंदेनं तिच्या चुलत बहिणीला विचारलं. दोन दिवसांनी मोठ्या काकूंचं नाव कळलं. आजी पुन्हा आल्या, मी तसबीर उलटी धरली आणि त्यांनी पाठीवर ते नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.

तुमच्या घरात अशी तसबीर असेल, देवीच्या अंगावर कापड, मणी, बेगड असेल, तर ते कुणाला काढू देऊ नका. पुसायला द्याल तेव्हा हे आधी सांगा. विसर्जन करायचंच असेल तर आधी पाठ उघडून पाहा. आणि ते कुणी केलं हे सांगणारं घरात कोणी उरलं असेल, तर आजच विचारा आणि मागच्या पुठ्ठ्यावर नाव लिहून ठेवा. लिहिताना मऊ शिशाची पेन्सिल घ्या, पेन नको. ओल लागली की शाई कागदातून पुढे उतरते.